पहिल्या फेरीचा शुक्रवार

भूगोलाच्या बाई कधी कुणाला खुर्चीवर बस म्हणत नसत. त्या दिवशी त्यांनी गोटीला बस म्हटलं. दुसरी एखादी असती तर तेवढ्यानेच सावध झाली असती, पण गोटीला त्या दिवसांत कशाचं काही वाटतच नव्हतं. गणितं सुटत होती, बस कुठे थांबते ते कळत होतं, पण कळलेलं आत कुठे पोचत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई देतात आणि मग आपलाच गाल परक्याचा असल्यासारखा लागतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. ती बसली.

गोटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पोरीला लहानपणापासून दगडांचं वेड. कुठून आली की खिशात दोन-चार दगड ठरलेले, आणि आईला आठवड्याला एक खिसा शिवायला ठरलेला. मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, तिचं नाव गारगोटी ठेवलं, घरात त्याची गोटी झाली, आणि पुढे शाळेत बाईंच्याही तोंडी तेच बसलं.

"आता नीट ऐक," बाई म्हणाल्या. "भूशास्त्राची कॉलेजं चार आहेत, पण शिकण्यासारखं एकच. बरोबर?"

"बरोबर."

"तिथे अर्ज दोनदा घेतात. एक हिवाळ्याआधी, एक हिवाळ्यानंतर. पहिल्या फेरीत अर्ज करायचा तर शब्द द्यावा लागतो, की घेतलंत तर मी येणारच, दुसरीकडे ढुंकून बघणार नाही. असा शब्द द्यायला लोक घाबरतात, म्हणून गर्दी कमी. आणि येणारच म्हणणारी मुलं कॉलेजलाही आवडतात, कुणाला नाही आवडणार? निम्म्या जागा तिथेच भरून जातात. दुसऱ्या फेरीत मग सगळं जग येतं आणि उरलेल्या जागांवर तुटून पडतं."

"माझे गुण घसरलेत," गोटी म्हणाली.

"मला नको सांगू, मीच दिलेत ते." बाईंचा आवाज खाली आला. "हे बघ, आत्ता अर्ज केलास तर घसरलेले गुण दिसणार, पण गर्दी कमी. थांबलीस तर गुण सावरतील, पण गर्दी जास्त. मला विचारशील तर आत्ता कर. गुण का घसरले ते मी माझ्या शिफारशीत लिहीन, ते माझ्यावर सोड. मुलगी मुळात कशी आहे हे तिथली माणसं बघतात, अगदीच दगड नाहीत ती." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्या जराशा हसल्या. गोटी हसली नाही, तेव्हा त्याही थांबल्या. "शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपते. घरी विचार. शब्द देणं आहे, तो एकटीने देऊ नये."

बाईंचं चुकलं असेल तर एवढंच चुकलं, शेवटचं वाक्य. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या मुलीला ते सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं.

कारण या घराची रीतच निराळी होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या कामाला माणसं दोन लागतात. एक वर यंत्राच्या खोलीत बटणापाशी, दुसरा खाली, लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते त्या अंधाऱ्या विहिरीत, लिफ्टच्या टपावर उभा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. तेव्हा टपावरचा ओरडतो, "वर!" बटणावरचा लगेच बटण दाबत नाही. तो आधी तोच शब्द परत ओरडतो, "वर!" आणि मगच दाबतो. शब्द गेला आणि परत आवाज आला नाही, तर कुणी कशाला हात लावायचा नाही. बाबांच्या उस्तादाने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, परत आवाज नाही तर हात खिशात. नुसते बाजूला नव्हे, खिशात, म्हणजे चुकूनही कुठे लागायला नकोत.

बरं, ही रीत बाबांनी कामावर ठेवावी की नाही? ती घरी आणली. "मीठ दे." "मीठ देते." "दार लाव." "दार लावतो." आईने लग्नाच्या नव्या नवलाईत वर्षभर डोकं धरलं आणि मग तीही तसंच बोलायला लागली. मामा यायचा तो कपाळाला हात लावायचा, "अगं ताई, हे घर आहे की कवायत?" दादाने तर त्याचा खेळच करून ठेवला होता. बाहेरून आला की दारातून ओरडायचा, "गोटी, दार उघड!" ती नुसतं दार उघडायला गेली की आत यायचा नाही. हात खिशात घालून पायरीवर उभा. थंडीने नाक लाल झालं तरी उभा. शेवटी ती चिडून "दार उघडते रे, उघडते!" म्हणाली की मग स्वारी आत. खिशातून फरशीचा एक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवायचा. ज्या इमारतीत काम, तिथल्या लिफ्टच्या दाराशी बसवलेल्या फरशीचा. कुठे ग्रॅनाइट, कुठे संगमरवर, कुठे नुसतंच सिमेंट. "ओळख," म्हणायचा.

दादा शाळा संपल्यावर बाबांच्याच हाताखाली लागला आणि चांगला तयार झाला. यंत्राच्या खोलीत बाबा, टपावर दादा. वसंतात एका जुन्या इमारतीत काम होतं. दादा खालून ओरडला, "खाली!" बाबा वरून ओरडले, "खाली!" आणि त्यांनी बटण दाबलं. लिफ्ट खाली जाते तेव्हा पलीकडून लोखंडाचं मोठं वजन वर येतं. दादाचा पाना टपावरून घसरला होता. तो धरायला दादा कडेच्या बाहेर वाकला. आधी "थांब" म्हणायला हवं होतं, म्हणाला नाही. चौकशी झाली. साहेबांनी सगळं तपासलं आणि बाबांना सांगितलं, तुमच्याकडून काही चूक नाही, शब्द बरोबर होता, परत आवाजही बरोबर होता. बाबांनी ते ऐकून घेतलं.

चूक असती तर बरं झालं असतं, असं गोटीला वाटायचं. चुकीला काहीतरी करता येतं.

त्यानंतर बाबा कुठल्या इमारतीत गेले नाहीत. घराखालच्या छोट्या दुकानात बसून दारांची कुलुपं आणि बारीकसारीक मोटारी दुरुस्त करायचे. बोलायचे, अगदीच नाही असं नाही. पाऊस आहे का विचारायचे. पण कुणाचा शब्द परत करणं त्यांनी सोडलं. आईने "भाजी वाढते" म्हटलं तर ते ताटाकडे बघायचे. हळूहळू आईचंही सुटलं. आई चष्म्याच्या दुकानात होती. दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळायची, घरी येऊन सगळ्यांचे चष्मे पुसून ठेवायची, आणि दादाचाही पुसायची. मीठ टेबलाच्या ज्या कडेला असेल त्या कडेला राहायचं, ज्याला हवं तो उठून घ्यायचा.

तर अशा घरात जाऊन गोटीने विचारायचं होतं.

रविवारी मामा आला. मामा विम्याच्या कचेरीत होता, आणि जगात कशाची शक्यता किती हे आपल्याशिवाय कुणाला कळत नाही अशी त्याची समजूत होती. बाबा खाली दुकानात होते. आईने विषय काढला आणि मामाने चमचा खाली ठेवला.

"पहिल्या फेरीत? छे छे. घाई केली की माणूस गरजू दिसतं. थोडं ताणून धरायचं असतं. गुण सुधार, मग ऐटीत अर्ज कर. आणि निबंध मागतात ना? त्यात काय लिहिलंस?"

"दगडांबद्दल," गोटी म्हणाली. फरशीच्या तुकड्यावरून इमारत कशी ओळखायची, असा तिचा निबंध होता. तुकडे आणून कोण द्यायचं, ते त्यात नव्हतं.

"दगड!" मामाने आईकडे बघितलं. "अगं वेडे, घरात एवढं झालंय, ते लिही की. दादाबद्दल लिही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं की जागा पक्की. मी उगाच नाही सांगत, माणसं शेवटी काळजाने ठरवतात."

आईने अर्धी भरलेली ताटं उचलली. मामाच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्यासारखं केलं. माणूस वाईट नव्हता. फक्त तोंडाला कुलूप नव्हतं, आणि दुरुस्त करणारा खालीच असून कुणी त्याला सांगत नव्हतं.

"तुझ्या बाबांना विचार," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "ते म्हणतील ते."

सोमवारी शाळा सुटल्यावर गोटी सरळ दुकानात गेली. बाबा दाराचं कुलूप उघडून बसले होते, स्प्रिंगा एका बशीत ओळीने मांडलेल्या. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं. करू का, असं विचारायचं नाही. विचारलं की हो-नाही म्हणावं लागतं, आणि हो म्हणणं बाबांना जड जातं हे तिला ठाऊक होतं. त्यापेक्षा कामावर सांगतात तसं सांगायचं. त्यांनी फक्त परत म्हणायचं.

"बाबा," ती दारातूनच म्हणाली, "पहिल्या फेरीत अर्ज पाठवते. घेतलं तर जायलाच लागेल, लांब आहे. पाठवते."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं. ओठ हलले असं तिला वाटलं. मग ते उठले, दोन्ही हात खिशात घातले आणि पाठ करून शटरपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर रस्त्यावर कुणी गाडी मागे घेत होतं. गोटी थांबली. गाडी जागेवर लागली, चालक उतरून गेला, तरी ती थांबली. परत आवाज आला नाही.

मग ती जिना चढून घरी आली.

वाईट वाटलं का? तेच तर सांगायचंय. वाटलं नाही. तिला फक्त कळलं. हात खिशात म्हणजे थांब. तिला हे शिकवावं लागत नव्हतं, ती पाळण्यात होती तेव्हापासून ऐकत आली होती. बाबा नको म्हणाले. एकच पोर उरलंय, ते लांब जायला नको असेल तर त्यात नवल काय, असंही तिच्या मनात आलं.

पुढचे दिवस ती शाळेत गेली, आली. बाईंनी वर्गात एकदा तिच्याकडे बघून मान हलवली, झालं ना, अशा अर्थाने. गोटीनेही मान हलवली. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, मान हलवणं सोपं होतं म्हणून. बाईंना मात्र तेवढ्याने चैन पडलं नव्हतं. त्यांनी बुधवारी बाबांना फोन केला होता. ते गोटीला नंतर, उशीर झाल्यावर कळलं.

शुक्रवारी ती घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. सगळं भरलेलं होतं. निबंध होता, गुण होते, बाईंची शिफारस वेळेवर पोचली होती. खाली एक निळं बटण होतं, पाठवा. खालच्या दुकानातून कानस घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला की ती कान टवकारायची. कुणी जिना चढत नव्हतं. तिने स्वेटरच्या खिशात हात घातले. एका खिशात ग्रॅनाइटचा तुकडा होता, कडा झिजून गुळगुळीत झालेला. पाच वाजले आणि निळं बटण राखाडी झालं. बस, एवढंच. ना घंटा ना काही. गोटीने लॅपटॉप मिटला, आई यायच्या आत बटाटे सोलून ठेवले आणि सालं टाकायला खाली गेली. बाबा शटर ओढत होते. दोघं एकत्रच वर आले.

सोमवारी संध्याकाळी भूगोलाच्या बाई दुकानाच्या दारात उभ्या. त्या यायच्या आधी त्यांचा आवाज आला. गोटी बाबांना चहा द्यायला आली होती, ती कप हातात घेऊन तिथेच थिजली.

"अर्ज आलाच नाही म्हणतात! मी कॉलेजात फोन करून विचारलं. माझी शिफारस आहे, मुलगीच नाही." बाई बाबांकडे वळल्या. "बुधवारी तुम्ही मला काय म्हणालात?"

"करू दे की, म्हणालो," बाबा हळूच म्हणाले.

"म्हणालात ना? मग?" आता त्या गोटीकडे वळल्या. "मग काय झालं तुला? हाताला लकवा मारला?"

"बाबांनी परत आवाज दिला नाही," गोटी म्हणाली.

बाईंना काही उमजलं नाही. त्यांनी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. बाबांना मात्र कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते गोटीने नीट पाहिलं, कारण एवढ्या महिन्यांत तिथे काही झालेलं तिने पाहिलं नव्हतं. तोंड उघडं राहिलं होतं आणि हनुवटी आपोआप हलत होती.

"मी थांबवलं नव्हतं तुला," ते म्हणाले.

"हात खिशात घातलेत तुम्ही."

"थरथरत होते ते, गोटी. तुला दिसू नयेत म्हणून घातले." त्यांनी हात पुढे केले, बघ म्हणून, आणि पुन्हा मागे घेतले. "बाईंना बोललो. परक्या माणसाशी बोलायला काय लागतं? तुला मात्र म्हणवेना. मी परत शब्द दिला आणि..." पुढचं त्यांना येईना.

"आपल्या घरात गप्प म्हणजे थांब," गोटी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

ती ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तशी. तिला राग यायला हवा होता, आणि ती त्याची वाटही बघत होती. तो आला असता तर तिने कप आपटला असता. कप तिने बशीशेजारी ठेवला. मग बाईंनी पर्स खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, "दुसरी फेरी आहे अजून. रडत बसू नका." रडत कुणीच नव्हतं.

हिवाळाभर गोटीने मान मोडून अभ्यास केला. त्याचं काही कौतुक नाही. अभ्यासाला मन लागत नसलं तरी डोकं लागतं, आणि डोकं तिच्याकडे होतं. गुण सावरले, नुसते सावरले नाहीत, आधीपेक्षा चढले. निबंध तोच ठेवला. दुसऱ्या फेरीचा अर्ज तिने एका दुपारी शाळेतून पाठवून दिला. कुणाला सांगितलं नाही, कुणाच्या आवाजाची वाट बघितली नाही. त्या घरातल्या माणसाने पहिल्यांदाच असं बटण दाबलं होतं. छत कोसळलं नाही. तिला वाटलं होतं, निदान धडधडेल तरी.

निकाल आला तेव्हा बाहेर झाडांना पालवी फुटत होती. जागा नाही. अर्ज उत्तम होता, असंही लिहिलं होतं. यंदा अर्ज फार आले, असंही लिहिलं होतं. तिच्या वर्गातला शिट्या, जो रोज उशिरा यायचा आणि शिट्या मारत जिना चढायचा, त्याला तिथेच प्रवेश मिळाला होता. पहिल्या फेरीत. त्याचे गुण गोटीच्या घसरलेल्या गुणांपेक्षाही कमी होते. तो बिचारा तिच्यासमोर आला की शिट्टी थांबवायचा.

"वर्ष थांब आणि पुन्हा पहिल्या फेरीत कर," बाई म्हणाल्या. "थांबलेल्यांना घेतात. मधल्या वर्षात काय केलंस ते विचारतात, एवढंच. डोंगर मोजणाऱ्यांच्या कचेरीत दगडांचे नमुने फोडायला माणूस हवाय, मी बोलून ठेवते."

"बघते," गोटी म्हणाली.

पण तिने ठरवून टाकलं होतं. चार बसथांबे पलीकडे एक कॉलेज होतं, हिशेब शिकवायचं, येईल त्याला घ्यायचं. तिथे फेऱ्या नव्हत्या, शब्द द्यायचा नव्हता. गेलं की नाव लिहून घेत. दगडांचं काय, दगड कुठे जात नाहीत.

त्या संध्याकाळी मामाही जेवायला होता. निकाल ऐकून त्याने मांडीवर थाप मारली. "मी तेव्हाच सांगत होतो, पहिल्या फेरीतच करा म्हणून! माझं ऐकतंय कोण?" आई त्याच्याकडे बघतच राहिली. एरवी हसली असती.

जेवणं आटोपत आली तेव्हा गोटी म्हणाली, "मी उद्या इथल्या कॉलेजात नाव घालते. हिशेबाच्या."

कुणी काही बोललं नाही. मामासुद्धा नाही, आणि ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. आईने बाबांकडे बघितलं. बाबा ताटाकडे बघत होते.

"नाव घालते," गोटी पुन्हा म्हणाली. आणि मग, कसं कोण जाणे, तिच्या आवाजाला किंचित धार आली. "गप्प म्हणजे थांब का हात थरथरतायत, तेवढं सांगा म्हणजे झालं."

"अगं," आई म्हणाली.

बाबा खुर्ची सरकवून उठले. दाराकडे गेले, दार उघडलं, बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले आणि तोंड आत केलं. दोन्ही हात खिशात. दादा उभा राहायचा तिथेच, तसेच. आईच्या हातातला चमचा खाली पडला आणि तो कुणी उचलला नाही.

"गोटी!" बाबा ओरडले. घरात बोलायच्या आवाजात नव्हे. खाली विहिरीत माणूस उभा आहे आणि त्याला ऐकू गेलंच पाहिजे, त्या आवाजात. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. "पुढच्या वर्षी! पहिल्या फेरीत!"

गोटी बसल्या जागी बसून राहिली.

बाबा दारात उभे होते. बाहेरून गार वारा येत होता आणि टेबलावरचे कागदी रुमाल एकेक करून खाली उडत होते. मामा उठून दार लावायला निघाला, तसा आईने त्याची बाही धरून त्याला खाली बसवला. बाबांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. शब्द एकदाच देतात. परत आवाज येईपर्यंत ते तिथून हलणार नव्हते, पुढे नाही आणि मागे नाही, हे गोटीला ठाऊक होतं. थंडीने त्यांचं नाक लाल व्हायला लागलं होतं.

तिने तोंड उघडलं. शब्द फार सोपे होते, पण बाहेर येईनात. आणि तेवढ्यात तिला कळलं, आतपर्यंत कळलं, की बाबा आत्ता यंत्राच्या खोलीत आहेत. फक्त या वेळी शब्द त्यांनी दिलाय आणि परत आवाज तिने द्यायचाय. तिने तो परत केला की ते बटण दाबणार, आणि त्यांचं उरलेलं एक पोर त्यांच्या हाताने त्यांच्यापासून लांब जाणार. मागच्या वेळी परत आवाज बरोबर होता तेव्हा काय झालं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि तरी हा माणूस दारात उभा राहून आवाजाची वाट बघतोय. तिच्या घशात काहीतरी जोरात दुखलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं होतं, आणि चांगलंच दुखत होतं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. आवाज फाटला. तो दारापर्यंत पोचला नसावा, कारण बाबा हलले नाहीत. मग ती उभी राहिली, आणि डोळ्यांतून, नाकातून जे काय वाहत होतं ते तसंच वाहू देत ओरडली, "पुढच्या वर्षी! पहिल्या फेरीत!"

बाबांनी मान हलवली. खिशातून हात बाहेर काढले आणि आत येऊन दार लावलं. हात थरथरत होते, लपवता येणार नाहीत इतके. त्यांनी ते परत खिशात घातले नाहीत. तसेच टेबलाजवळ आणले आणि म्हणाले, "मीठ दे."